अठ्ठेचाळीस उजवे पल्ले

मास्तरांनी हातात घेतलेला पहिला कोट होता त्यांच्या होणाऱ्या सासऱ्याचा. लग्नाची बोलणी करायला गेले होते. समोर मुलगी बसली होती, चहा निवत होता, वडीलधारे हवापाण्याचं बोलत होते, आणि मास्तरांचं लक्ष काही मुलीकडे जाईना. सासरेबुवा कप उचलायला वाकले की कोट मागून वर चढायचा. दोनदा चढला, तीनदा चढला, चौथ्या वेळी मास्तरांना राहवलं नाही. म्हणाले, "तुमचा कोट मागून दीड बोट उचलतोय. उतरवून द्या, मी नीट करून आणतो."

वडीलधारे एकमेकांकडे बघायला लागले. मुलगी मात्र तोंडाला हात लावून हसली. आठ दिवसांनी कोट परत आला तेव्हा सासरेबुवांच्या पाठीला पोक आहे हे घरच्यांच्या नजरेतूनसुद्धा गेलं. लग्न ठरलं ते त्या कोटावर, असं ती मुलगी पुढे पस्तीस वर्षं सांगत होती.

तीच ही काजाबाई. मास्तर शिवणकारखान्यात कटिंग करायचे आणि ती त्याच कारखान्यात, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून, भारी कोटांची काजं हाताने करायची. मशीनची काजं वेगळी आणि तिची वेगळी. तिच्या काजातून बटण जाताना आवाज होत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत, जसं काही दुसऱ्यांच्या काजातून ढोल वाजायचे.

मास्तरांची एक पद्धत होती. कापड टेबलावर अंथरलं की ते लगेच खडू उचलत नसत. आधी जिन्यात जायचं, खालून तिसऱ्या पायरीवर बसायचं, सिगारेट पेटवायची आणि भिंतीकडे बघत ती पूर्ण ओढायची. तेवढ्या वेळात अख्खं कापड डोक्यात मांडून व्हायचं: बाही कुठे, कॉलर कुठे, कुठला तुकडा कुठल्या बगलेत बसवला तर वीतभर कापड वाचेल. वर आले की सरळ खडू चालवायचे, पुसणं नाही, मोजणं नाही. आखून झालं की कात्रीच्या मुठीने टेबलावर दोन टकटक करायचे. मग मशीनवाले पाय थांबवत, इस्त्रीवाला बडबड थांबवे, आणि मास्तर कापायला घेत.

दुसऱ्या कारखान्यांत आखलेलं कापड कापण्याआधी दुसरा कोणीतरी येऊन फर्मे मोजतो. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा साचा, त्याच्या कडेने खडू फिरवायचा. इतक्या बाह्या, इतक्या पाठी, सगळं आलं का, असं बघतो. इथे ते कोणी करत नसे. मालकांनी नवखे असताना एकदा फर्मे मोजायला सुरुवात केली, तर मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही मोजा, तोवर मी घरी जाऊन येतो." तेव्हापासून त्यांच्या खडूच्या मागे कोणी गेलं नाही. एकतीस वर्षांत एक तुकडा चुकला नव्हता, कोण कशाला जाईल?

दिवसाला वीस सिगारेटी होत. काजाबाई सुरुवातीला भांडली, मग रुसली, मग तिने दारामागे त्यांच्या कोटासाठी वेगळी खुंटी केली, की वास तरी एका जागी राहावा. त्याबद्दल बोललं की मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे. म्हणत, "अगं, कात्रीला तेल लागतं की नाही? तसं हे डोक्याला."

मग एका दुपारी ती टोपीची गंमत झाली. मास्तरांनी टेबलावरून हात पुढे केला आणि म्हणाले, "टोपी दे."

इस्त्रीवाला म्हणाला, "ऊन लागतंय का मास्तर, छपराखाली?"

"टोपी," मास्तर पुन्हा म्हणाले, आणि चिडले. इस्त्रीवाल्याने खुंटीवरची कोणाचीतरी टोपी आणून त्यांच्या डोक्यावर ठेवली. सगळे हसले. मास्तर टोपी घालून उभे, हात अजून पुढेच, आणि डोळ्यांत भीती. त्यांना कात्री हवी होती. कात्री समोर दिसत होती, तिचं नाव तेवढं सापडत नव्हतं. पाव तासाने ते आपोआप सापडलं आणि मास्तरही हसले, पण काजाबाईने सुई खाली ठेवली होती ती पुन्हा उचलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगण्याची हौस दांडगी. म्हणाल्या, मेंदूकडे जाणारी एक बारीक नळी गुठळीने अडली होती, नशिबाने मोकळी झाली. सिगारेटीने रक्त घट्ट होतं, नळ्या आतून खरबरीत होतात. "आज उघडली. पुढच्या वेळी उघडेलच असं नाही. मग हात जाईल, वाचा जाईल, काय जाईल ते मी सांगू शकत नाही. सिगारेट आजपासून बंद."

मास्तर म्हणाले, "पण तिच्याशिवाय माझं डोकं चालत नाही."

त्यावर बाईंनी जे सांगितलं ते काजाबाईने घरी येताना आपल्या भाषेत लावून घेतलं. मेंदूत जागा असतात, त्यांत निकोटीन जाऊन बसतं. झुरका घेतल्यावर दहा-पंधरा सेकंदांत पोचतं. रोज रोज यायला लागलं की मेंदू त्याच्यासाठी आणखी जागा करतो. म्हणजे काजंच की! बटणं फार येताहेत म्हणून मेंदू बसून काजं पाडत राहिला, वीस वर्षं, तीस वर्षं. आता बटण आलं नाही की ती सगळी रिकामी काजं आ वासून बसतात, आणि माणसाला चैन पडत नाही, लक्ष लागत नाही, राग येतो. सिगारेट ओढली की ती गप्प होतात. माणसाला वाटतं, काय डोकं चालायला लागलं! चालायला काही लागलेलं नसतं, त्या सिगारेटीनेच लावलेला गोंधळ तेवढा ती थांबवते. तीन महिने दम धरला तर जास्तीची काजं बुजत जातात, असं बाई म्हणाल्या होत्या.

"तीन महिने," काजाबाई म्हणाली.

"मला ऐकू आलं," मास्तर म्हणाले, आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत पाकीट टाकून दिलं.

मोडायला आलेल्या घरासारखा तो महिना गेला. मास्तर एकच माप तीनदा घेत आणि तीनदा वेगळं लिहीत. जिन्यात जाऊन बसत, हात मांडीवर ठेवून, आणि वर येत ते रिकामेच. कापड डोक्यात मांडलं जायचंच नाही. म्हणत, आतमध्ये कोणीतरी कापूस भरून ठेवलाय. एका कॉलरीला बोटभर कापड कमी पडलं. मालक काही बोलले नाहीत, तेच मास्तरांना लागलं. दोन आठवड्यांनी मालकांनी एका तरुण कटरला "जरा मदतीला" म्हणून बोलावून आणलं, तेव्हा मास्तरांनी त्याला सगळी मांडणी नीट दाखवली, आणि घरी येऊन पायातले बूटही न काढता पलंगावर बसून राहिले.

"मला दुसरं काही येत नाही गं," एवढंच म्हणाले.

काजाबाईने त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. दिवस मोजत होती ती. त्या दिवशी छत्तिसावा होता.

एक्केचाळिसाव्या दिवशी मास्तर गुणगुणले. कधी काळी कापताना गुणगुणायचे, तोच सूर, ज्याला ना आगा ना पिछा. काजाबाईने मान वर करून पाहिलं. खडू सरसर चालला होता. दोन टकटक झाल्या. संध्याकाळपर्यंत बारा बाह्या, बारा पाठी, एकही चूक नाही. तरुण कटर तोंड उघडं टाकून बघत उभा होता. इस्त्रीवाला म्हणाला, "वहिनी, मास्तर परत आले!"

तिलाही आनंद झाला. घरी आल्यावर मास्तर हातपाय धुवायला गेले, तेव्हा त्यांच्या गळ्यातली मापाची पट्टी तिने घडी करायला उचलली आणि सवयीने नाकाशी नेली. कापडाची जुनी पट्टी वास धरून ठेवते. मास्तर लवंग चघळत बाहेर आले, तोवर पट्टी खुंटीवर गेली होती.

त्या क्षणी ती बोलली असती तर? हा प्रश्न पुढे तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला की तो झिजून गुळगुळीत झाला. पण त्या क्षणी ती बोलली नाही. जेवताना मास्तर हसत होते. महिन्याभराने तिचा माणूस तिच्यासमोर बसून त्या तरुण कटरची नक्कल करत होता. उद्या बोलू, असं तिने ठरवलं. उद्या ते पुन्हा गुणगुणले. मग परवा. एकवीस दिवस ती पट्टी हुंगत होती आणि गप्प बसत होती.

बाविसाव्या दिवशी चोवीस कोटांचं कापड अंथरायचं होतं. एका बँडपथकाचे कोट, गर्द लाल लोकरी कापड, मोठं काम. त्या सकाळी मास्तर दाढी करून बाहेर आले तेव्हा डाव्या गालावर दाढी तशीच होती. काजाबाई हसली. म्हणाली, "अहो, अर्ध्यावरच कंटाळलात?" मास्तरांनी गालावरून हात फिरवला, उजव्या, आणि म्हणाले, "झाली की." ताटातलंही डावीकडचं तसंच टाकून उठले. डाव्या बुटाची नाडी लोंबत होती, ती तिने वाकून बांधली. तिच्या मनात एकच आलं, की घरात ओढता येत नाही म्हणून जीव वर-खाली होतोय, घाईने निघायचंय. सात वाजले होते तेव्हा. ती वेळ तिला नीट आठवते, कारण नंतर तिला तीच विचारली गेली.

कारखान्यात कापडाचे चोवीस थर टेबलावर लागले. मास्तर समोर उभे राहिले. खडू हातात, पण हात चालेना. मालक आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, तरुण कटर दोन पावलं पुढे आला. काजाबाईला त्या पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यांत तो छत्तिसावा दिवस दिसला. ती उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताशी गेली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली,

"जिन्यात जाऊन या. एक ओढून या. मला माहीत आहे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही गुणगुणत होता."

मास्तरांचा चेहरा असा झाला, जसा चोरी पकडलेल्याचा होतो आणि सुटका झालेल्याचाही. जाताना दाराच्या चौकटीला डावा खांदा थडकला. एकतीस वर्षं त्या दारातून जा-ये करणारा माणूस! चोरी पकडली गेली म्हणून गडबडले असतील, असं समजून ती स्टुलावर जाऊन बसली. सुईत दोरा ओवला. आपण आज काहीतरी चांगलं केलं, असं तिला वाटत होतं.

ते परत आले, शांत. खडू चालवला. दोन टकटक झाल्या. यंत्राने चोवीस थर कापले, घरघर करत, एका दमात. कोणी फर्मे मोजले नाहीत.

दुपारी अडीचच्या सुमाराला इस्त्रीवाला जोड्या लावायला बसला. कोटाच्या पुढच्या अर्ध्या भागाला पल्ला म्हणतात, एक डावा, एक उजवा. फर्मा एकच असतो. तो एका बाजूने ठेवला की उजवा आखायचा आणि पालथा घातला की डावा. नवशिक्याकडून हे एकदा तरी चुकतं, फर्मा पालथा घालायचा राहून जातो, आणि मग तो आयुष्यभर विसरत नाही. इस्त्रीवाल्याने एक पल्ला उचलला, उजवा. दुसरा, उजवा. त्याने गठ्ठा चाळला. पुन्हा चाळला.

"मास्तर," तो म्हणाला, "या बँडवाल्यांना डावं अंगच नाही का हो?"

मशीनवाल्या बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, एकाला दोन कोट घालायला सांगा, पाठीला पाठ लावून. मास्तरही गालात हसले. मग मालक आले, त्यांनी मोजलं. अठ्ठेचाळीस उजवे. हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं.

"डावे कुठे आहेत, मास्तर?" मालकांनी हळू विचारलं.

"हे काय," मास्तर म्हणाले आणि त्याच गठ्ठ्यावर हात ठेवला. ते वाद घालत नव्हते, थट्टाही करत नव्हते. त्यांना सगळं बरोबरच दिसत होतं.

काजाबाई धावत त्यांच्यापाशी गेली, या वेळी डाव्या बाजूने, आणि तिने त्यांचा दंड धरला. "अहो, इकडे बघा."

मास्तर समोर बघत राहिले. मग मालकांना म्हणाले, "आत्ता इथे होती ही. कुठे गेली?"

मालकांच्या गाडीतून त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर एकच विचारत होते, कधीपासून? ती म्हणाली, सकाळी सातला दाढी अर्धी राहिली. मग तिने ताटाचं सांगितलं, नाडीचं सांगितलं, चौकटीचं सांगितलं, प्रत्येक गोष्ट सांगताना ती तिला पहिल्यांदा दिसत होती. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गुठळी विरघळवण्याचं एक औषध असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. ते तास होऊन गेले होते.

"मीच त्यांना सिगारेट ओढायला पाठवलं," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, एका सिगारेटीने हे होत नाही बाई, हे पस्तीस वर्षांचं आहे. खरंच होतं ते. पण सकाळी सात ते दुपारी तीन, या वेळेबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि तिनेही विचारलं नाही.

हात गेला नाही, वाचा गेली नाही. चार दिवसांनी त्यांच्यासमोर कागद-पेन्सिल ठेवून सांगितलं, काहीतरी काढा. मास्तरांनी कोट काढला. कॉलरीचा वळसा, खांद्याचा उतार, खिशाची पट्टी, बाहीवरची तीन बारीक बटणं, बघत राहावं असं. डॉक्टरांनी आणखी दोघांना बोलावून तो दाखवला. अर्धाच कोट होता. मधल्या रेघेच्या डावीकडे कागद कोरा. "पूर्ण झाला?" असं विचारलं तर मास्तर जरा दुखावले. म्हणाले, "मी अर्धं काम कधी दिलंय कोणाला?"

डॉक्टरांनी बाहेर येऊन समजावलं, की डोळे चांगले आहेत, मेंदूने डाव्या बाजूचं जगच सोडून दिलं आहे. आणि ते सोडलं आहे हेसुद्धा त्याला माहीत नाही.

घरी आल्यावर आठवड्याने इस्त्रीवाला भेटायला आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून, काजाबाई आत गेलीसं बघून, त्याने खिशातून एक सिगारेट काढली आणि मास्तरांच्या उजव्या हातात सरकवली. म्हणाला, "एकच, मास्तर. आता काय राहिलंय." दाराआडून ती बघत होती. मास्तरांनी सिगारेट बोटांत फिरवली, नखाने तिचा कागद किती जाड आहे तो पाहिला आणि परत दिली.

"नको रे. इच्छाच नाही."

तिने पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. बाईंनी इस्पितळाचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, असं कधीकधी होतं. मेंदूतला तो ठरावीक भाग गेला, तर तलफच निघून जाते. मागे वळूनही बघत नाही माणूस. ज्यासाठी त्यांनी ते चाळीस दिवस जिवाचं रान केलं होतं, ते असं आलं होतं, न मागता. काजाबाई इस्पितळाच्या बाकावर बसून रडली ती तेव्हा पहिल्यांदा. आजपर्यंत धीराने सगळं निभावलं होतं तिने, पण हे तिला सोसवेना.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी यायला लागल्या. त्यांनी एक नियम घालून दिला, की घरच्यांनी मास्तरांच्या डाव्या बाजूलाच बसायचं, डावीकडूनच बोलायचं, पाणीसुद्धा डावीकडूनच द्यायचं. शोधायला लागलं की मेंदू हळूहळू तिकडे वळायला शिकतो. दया येऊन उजवीकडे गेलात तर तो कधीच वळणार नाही. महिने लागतील, कदाचित वर्ष.

कारखान्यात तरुण कटर आता टेबलावर असतो. मालक स्वतः उभे राहून त्याचे फर्मे मोजतात. काजाबाईसाठी ते काम घरी पाठवतात, आणि ती मास्तरांच्या डाव्या हाताशी खुर्ची टाकून काजं करत बसते. बोलत राहते. कोणाचा कोट आहे, कापड कसं आहे, इस्त्रीवाल्याने कोणाची खोड काढली. मास्तर ऐकतात, हसायच्या जागी हसतातही, आणि उजवीकडच्या खिडकीकडे बघून उत्तर देतात, जणू ती खिडकीबाहेरच्या गल्लीत उभी आहे. कधी त्यांची मान थोडी वळते, पलंगाच्या मधोमध येते आणि तिथे कडा संपल्यासारखी थांबते. "अजून थोडं," ती म्हणते. मान परत खिडकीकडे जाते.

साडेतीन महिने तिने नियम पाळला. एका रविवारी दुपारपासून ती अशीच बसली होती. तिसरं काज संपत आलं होतं. मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले,

"आज ती आली नाही का?"

"आले आहे," ती डावीकडून म्हणाली.

"नाही ना आली," मास्तर म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. आवाजात तक्रार नव्हती, वाट बघून बघून सवय झालेल्या माणसाचा असतो तसा तो होता.

तिने सुई कापडात खोचली. उठली, पलंगाला वळसा घातला आणि खिडकी व मास्तर यांच्या मध्ये जाऊन बसली. व्यायामवाल्या बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांचे डोळे तिच्यावर आले आणि थांबले. तिने साडेतीन महिन्यांत ती नजर पाहिली नव्हती. त्यांनी हात पुढे करून तिच्या पदराला चिकटलेला लाल दोरा काढला.

"केव्हा आलीस?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," ती म्हणाली.